चालताना स्नायू साखर घेतात, म्हणून इन्सुलिन सोडायचे?

मधुमेहींच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या आणि आता घरोघरच्या कौटुंबिक ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: स्नायूंना साखर घेण्यासाठी इन्सुलिन लागतच नाही, कारण चालू लागले की स्नायूंचे 'दुसरे दार' उघडते, ही गोष्ट औषध कंपन्यांनी लपवून ठेवली आहे, म्हणून रोज पाऊण तास चालणाऱ्याने २१ दिवसांत इन्सुलिन आणि गोळ्या बंद कराव्यात, मधल्या काळात साखर वाढलेली दिसली तर घाबरू नये, ती स्नायूंत साठलेली जुनी साखर बाहेर पडत असते, उरलेली साखर घामावाटे जाते, एकदा उघडलेले दार पुन्हा बंद होत नाही, आणि ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी खुर्चीत बसून टाचा वर-खाली कराव्यात, त्याने साखर ५२ टक्क्यांनी उतरते. शेवटी अर्थातच 'किमान दहा जणांना पाठवा'.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो माझ्या बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोहोचला. माझ्या भाचीला टाइप वन मधुमेह आहे. तिचे स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. कबड्डीचा सराव करून घामाघूम होऊन आलेल्या नातीला जेवणाआधी इन्सुलिनचे पेन हातात घेताना पाहून आजी म्हणाल्या, "अगं, एवढी खेळून आलीस, साखर जळली की सगळी. आता कशाला टोचून घेतेस?" आजींच्या मायेबद्दल शंका नाही आणि भाचीनेही त्यांचे ऐकले नाही. परंतु ज्या घरात मूल नुकतेच निदान झालेले आहे, आई-वडील भांबावलेले आहेत आणि कोणीतरी वडीलधारे माणूस हा संदेश वाचून दाखवते आहे, त्या घरात काय होऊ शकते हे जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून हा प्रतिवाद.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. ग्लुकोजचा रेणू पेशीपटलातून आपोआप आत शिरू शकत नाही. त्याला वाहक प्रथिन लागते. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींत हे काम प्रामुख्याने ग्लुट-४ नावाचे प्रथिन करते. विश्रांतीच्या अवस्थेत यातले बहुतांश रेणू पृष्ठभागावर नसतातच. ते पेशीच्या आत सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेले असतात. जेवणानंतर रक्तातले इन्सुलिन वाढते, ते पेशीच्या पृष्ठभागावरील, निरोप टिपणाऱ्या ग्राहक-प्रथिनाला चिकटते, तेथून पीआय-३ कायनेज आणि एकेटी या प्रथिनांमार्फत निरोप आत जातो, आणि शेवटी एएस१६० नावाच्या, पिशव्यांना आत रोखून धरणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढून त्याची पकड सुटते. पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, पेशीपटलात मिसळतात आणि ग्लुट-४ कामाला लागते.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हाच परिणाम वेगळ्या वाटेने घडतो. मेंदूकडून आलेला विद्युत संदेश आडव्या नलिकांमधून स्नायुतंतूच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो, तेथील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते आणि तंतू आखडतो. या कामात एटीपी हे पेशीचे ऊर्जेचे चलन खर्च होते, त्यामुळे त्यातून उरणाऱ्या एएमपीचे प्रमाण वाढते आणि पेशीतील ऊर्जेची टंचाई ओळखणारे एएमपीके हे प्रथिन जागे होते. शिवाय तंतूंवर पडणारा ताण स्वतःही काही संकेत निर्माण करतो, ज्यांत रॅक-१ या प्रथिनाचा वाटा असल्याचे दिसते. कॅल्शियम, एएमपीके, ताण यांपैकी नेमके कोण किती करते यावर संशोधकांत अजून वाद आहे, परंतु हे सगळे मिळून अखेरीस एएस१६० आणि त्याचे भावंड टीबीसी१डी१ यांच्यापाशीच येऊन पोहोचतात. म्हणजे संदेशातली दाराची उपमाच वापरायची झाली, तर दुसरे दार वगैरे काही नाही. दार तेच, ग्लुट-४चे. ते उघडायला लावणाऱ्या घंटा दोन आहेत.

या दोन वाटा वेगळ्या आहेत याचा पुरावाही भक्कम आहे. १९९५ साली लुंड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्नायूंवर वोर्टमॅनिन हे रसायन वापरले, जे पीआय-३ कायनेजला निकामी करते. इन्सुलिनचा परिणाम थांबला, आकुंचनाचा मात्र चालूच राहिला. १९९९ साली केनेडी आणि सहकाऱ्यांनी टाइप टू मधुमेह (ज्यात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही) असलेल्या माणसांना सायकल चालवायला लावून त्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा पृष्ठभागावरील ग्लुट-४ निरोगी माणसांइतकेच वाढलेले आढळले. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही व्यायामाला दाद देतो. टाइप टू मधुमेहींना डॉक्टर कानीकपाळी ओरडून चालायला सांगतात त्यामागच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

हे 'लपवले' कोणी, हा प्रश्न मात्र उरतोच. चारा चघळणाऱ्या घोड्याच्या तोंडाचे स्नायू रक्तातून जास्त साखर ओढतात हे शोव्हो आणि कौफमान यांनी १८८७ साली, म्हणजे इन्सुलिनचा शोध लागण्याच्या ३४ वर्षे आधी, प्रसिद्ध केले होते. स्वतः मधुमेही असलेले लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांनी व्यायामामुळे इन्सुलिनची क्रिया वाढते, हे १९२६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. १९६५ साली हॉलोझी आणि नाराहारा यांनी बेडकाच्या, शरीरातून वेगळ्या काढलेल्या स्नायूवर आकुंचनाचा परिणाम मोजला. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असलेली गोष्ट लपवलेली आहे असे म्हणायचे असेल, तर पाठ्यपुस्तक न उघडणे हीच ती लपवाछपवी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो: 'म्हणून इन्सुलिन बंद करा'. यातला 'म्हणून' पूर्णपणे चुकीचा आहे.

संदेश लिहिणाऱ्याने असे गृहीत धरले आहे की इन्सुलिनचे शरीरात एकच काम आहे, आणि ते म्हणजे स्नायूंत साखर ढकलणे. प्रत्यक्षात इन्सुलिनचे तितकेच मोठे, आणि जगण्यासाठी अधिक निकडीचे काम यकृतावर व चरबीवर चालते. यकृत रात्रंदिवस रक्तात ग्लुकोज सोडत असते, कारण मेंदूला ते सतत लागते. उपाशीपोटी निरोगी माणसाचे यकृत शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे २ मिलिग्रॅम ग्लुकोज सोडते. ६० किलोच्या माणसात हे तासाला साधारण ७ ग्रॅम होतात. सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ४-५ ग्रॅम ग्लुकोज असते, हे लक्षात घेतले म्हणजे या ७ ग्रॅमचे महत्त्व कळते. यकृताला आवर घालणारे प्रमुख संप्रेरक इन्सुलिन आहे. चरबीच्या पेशींतून मेदाम्ले किती सुटावीत यावरही त्याचाच अंकुश असतो.

व्यायाम सुरू झाला की निरोगी शरीरात इन्सुलिनची पातळी काहीशी खाली येते, यकृताला साखर सोडायला लावणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक वाढते, अ‍ॅड्रेनालिन वाढते, आणि यकृत स्नायूंच्या मागणीच्या प्रमाणात जास्त ग्लुकोज सोडू लागते. संदेशात 'व्यायामात शरीर स्वतःच इन्सुलिन कमी करते' हे वाक्य मोठ्या विजयाने दिले आहे. वाक्य खरे आहे. परंतु पातळी खाली येणे आणि शून्य होणे यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. उरलेले ते थोडे इन्सुलिन यकृताला मर्यादेत ठेवते. तेही नसेल तर ग्लुकागॉनला विरोध करणारे कोणी राहत नाही. यकृत गरजेपेक्षा कितीतरी जास्त साखर ओतू लागते, चरबीतून मेदाम्लांचा लोंढा सुटतो, यकृत त्यांचे केटोन नावाच्या आम्लधर्मी पदार्थांत रूपांतर करते आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. स्नायूंमधली ग्लुट-४ची दारे अशा वेळीही उघडतात, नाही असे नाही; पण बाहेरून येणारी आवक त्यांच्या आवाक्यापलीकडे गेलेली असते.

हे केवळ कागदी तर्कशास्त्र नाही. जर्मनीतील मिखाएल बेर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली डायबेटोलॉजिया या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी टाइप वन मधुमेह असलेल्या, म्हणजे त्या काळच्या भाषेत 'ज्युवेनाइल' मधुमेही रुग्णांचे व्यायामादरम्यानचे बदल मोजले. ज्यांचा मधुमेह इन्सुलिनने बऱ्यापैकी ताब्यात होता त्यांची साखर व्यायामाने उतरली. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा तुटवडा होता आणि रक्तात केटोन आधीच वाढलेले होते, त्यांची साखर व्यायामाने आणखी वाढली आणि केटोनही आणखी वाढले. तोच व्यायाम, तोच आजार, तेच स्नायू. फरक होता तो इन्सुलिनचा. संदेश खरा असता तर दुसऱ्या गटाची साखर पहिल्या गटासारखीच, किंबहुना जास्त वेगाने, उतरायला हवी होती, कारण त्यांच्याकडे उतरवण्यासारखी साखर जास्त होती. हा एक अभ्यास ज्याने वाचला तो 'इन्सुलिन सोडा आणि चाला' असे टाइप वनच्या रुग्णाला सांगू शकणार नाही. व्यायामापूर्वी साखर २५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर केटोन तपासा आणि केटोन असतील तर व्यायाम करू नका, ही जी सूचना टाइप वनच्या रुग्णांना दिली जाते, ती याच अनुभवातून आली आहे.

आणि हा प्रयोग इतिहासाने त्याहून मोठ्या प्रमाणावर आधीच करून ठेवला आहे. १९२२च्या आधी मधुमेह झालेल्या मुलांना स्नायू होते, त्या स्नायूंत ग्लुट-४ होते आणि आकुंचनाची वाटही शाबूत होती. अमेरिकेतले फ्रेडरिक अ‍ॅलन त्या काळी आपल्या रुग्णांना कडक उपासमारीच्या आहारावर ठेवत आणि व्यायामही करवून घेत. त्यांतली बहुतेक मुले तरीही काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत, हाडांचा सापळा होऊन मरत. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. तो त्यानंतर आणखी १३ वर्षे जगला. ज्यांना इन्सुलिन हे कंपन्यांचे कारस्थान वाटते त्यांनी त्या आधीच्या काळातील मुलांची छायाचित्रे एकदा पाहावीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी, नाहीतर संदेशाचे समर्थक तेवढेच पकडून बसतील. व्यायामाच्या दिवशी इन्सुलिनचा डोस अनेकदा खरोखरच कमी करतात. माझ्या भाचीचे डॉक्टरही सरावाच्या दिवसांचा हिशेब वेगळा लावून देतात, आणि साखर ९०च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन मगच मैदानात उतरायचे असा तिला दंडक आहे. टाइप टूमध्ये वजन उतरवून, नियमित व्यायाम करून काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतातही. पण हे सारे साखर मोजत, डॉक्टरांच्या नजरेखाली, टप्प्याटप्प्याने होते. कमी करणे आणि बंद करणे या दोन गोष्टी एकच आहेत असे ज्याला वाटते त्याने कृपया आरोग्यविषयक संदेश लिहू नयेत. टाइप वन आणि टाइप टू असा भेद त्या अख्ख्या संदेशात एकदाही केलेला नाही, यावरूनच लेखकाची तयारी कळते.

'वाढलेली साखर म्हणजे स्नायूंतून बाहेर पडणारी जुनी साखर' हा मुद्दा मला सर्वांत हास्यास्पद वाटला, आणि घातकही, कारण तो धोक्याच्या इशाऱ्यालाच शुभशकुन ठरवतो. ग्लुकोज स्नायुपेशीत शिरले की हेक्झोकायनेज हे एन्झाइम त्यावर ताबडतोब फॉस्फेट चढवते. फॉस्फेटयुक्त ग्लुकोज ग्लुट-४मधून बाहेर जाऊ शकत नाही. ते काढून टाकणारे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृतात असते, स्नायूंत त्याचा उपयोगी साठा नसतो. म्हणूनच स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने ४००-५०० ग्रॅम साखर साठलेली असली तरी ती त्या-त्या स्नायूच्याच कामी येते; रक्तात ग्लुकोज म्हणून परत येत नाही. स्नायू फार तर साखरेच्या अर्धवट विघटनातून उरणारे लॅक्टेट बाहेर सोडतो आणि त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवायचे तर ते काम यकृतालाच करावे लागते. तेव्हा इन्सुलिन सोडलेल्या माणसाच्या ग्लुकोमीटरवर ३५० आकडा दिसला, तर ती 'सफाई' नव्हे. तहान, वारंवार लघवी, मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणे सोबत असतील तर तो रुग्णालयात धाव घेण्याचा क्षण आहे. जोरदार धावणे किंवा जड वजने उचलणे यानंतर अ‍ॅड्रेनालिनमुळे साखर थोडा वेळ वर जाते आणि पुन्हा खाली येते, एवढे खरे आहे. पण तीही यकृतातूनच आलेली असते, आणि ती खाली येते कारण अंगात इन्सुलिन असते.

'दार कायम उघडे राहते' हे विधान तर शरीराला शिक्षाच ठरले असते; तसे होत असते तर रात्री झोपेत साखर उतरून निम्मे धावपटू बेशुद्ध पडले असते. व्यायाम थांबला की ग्लुट-४ पुन्हा आत ओढले जाते आणि आकुंचनाचा थेट परिणाम काही तासांत ओसरतो. त्यानंतर उरतो तो वेगळाच परिणाम: स्नायू इन्सुलिनला अधिक तत्परतेने प्रतिसाद देऊ लागतो, आणि हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो. रिकामे झालेले ग्लायकोजेनचे कोठार भरण्यासाठी ते आवश्यक असते. यातली खोच संदेशकर्त्याच्या ध्यानात आलेली नाही. चालण्याचा जो टिकाऊ फायदा आहे तो इन्सुलिनमार्फतच मिळतो. थोड्या इन्सुलिनमध्ये जास्त काम होते एवढाच त्याचा अर्थ. इन्सुलिनच नसेल तर वाढलेली संवेदनशीलता कशाला प्रतिसाद देणार? आणि याच कारणाने संध्याकाळी खेळलेल्या टाइप वनच्या मुलांची साखर मध्यरात्रीनंतर अचानक उतरू शकते. बहीण सरावाच्या दिवशी रात्री उठून मुलीचे बोट टोचते ते त्यासाठी. व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, या सल्ल्यामागेही हेच एक-दोन दिवसांचे गणित आहे.

घामाचे एका वाक्यात उरकतो: घामात ग्लुकोज असते, पण रक्ताच्या तुलनेत इतके नगण्य की लिटरभर घामातूनही एक दशांश ग्रॅमसुद्धा बाहेर जात नाही, त्यामुळे जाकीट घालून मे महिन्यात फिरणाऱ्यांनी ते काढून ठेवावे.

राहिली टाचांची गोष्ट, आणि तिला आधार आहे हे थोडे नाखुशीनेच सांगतो. २०२२ साली ह्यूस्टन विद्यापीठातील मार्क हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी पोटरीतील सोलियस स्नायूवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बसल्या जागी, विशिष्ट पद्धतीने टाच उचलत राहिल्यास ग्लुकोजचे पेय घेतल्यानंतर होणारी साखरेची वाढ ५२ टक्क्यांनी कमी झाली असे त्यांनी नोंदवले. ५२ टक्क्यांनी कमी झाली ती पेयानंतरची वाढ, एकूण साखर नव्हे. सहभागी मोजकेच होते. आणि ते दोन मिनिटे टाचा हलवून टीव्ही पाहू लागले नव्हते, तर त्यांनी तब्बल साडेचार तास ते केले. त्या अभ्यासात रक्तातील इन्सुलिनही मोजले गेले आणि ते कमी झालेले आढळले, म्हणजे तेवढ्याच साखरेला कमी इन्सुलिन पुरले. ज्याचे स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते त्याच्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. ज्याचे करत नाही त्याने साडेचार तास टाचा जरूर उचलाव्यात, इन्सुलिन घेऊन.